भिंतीची बाहेरची बाजू

अमेरिकेतल्या घराचे जे चित्र आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात असते, ते चित्रपटांनी आणि तिकडच्या नातेवाइकांनी पाठवलेल्या छायाचित्रांनी रंगवलेले असते. उतरत्या छपराचे घर, पुढे गालिच्यासारखी हिरवळ, आणि ती हिरवळ शेजाऱ्याच्या हिरवळीत कुठे मिसळते ते कळू नये इतकी मोकळीक. कुंपण असलेच तर कमरेइतके, पांढऱ्या फळ्यांचे आणि तेही शोभेपुरते. हे चित्र खोटे नाही. पण ते अर्ध्या अमेरिकेचे आहे. जिथे पाऊस पडतो त्या अर्ध्या अमेरिकेचे. नैर्ऋत्येकडच्या ॲरिझोना, नेवाडा, न्यू मेक्सिको या कोरड्या राज्यांत गेले की ते मोडते. फिनिक्सच्या उपनगरांवरून विमान उतरू लागले की गणिताच्या वहीतल्या चौकटींसारखे भिंतींचे जाळे दिसते आणि एकेका चौकटीत एकेक घर. भिंतीही कशा? जाळीच्या नव्हेत, फटींच्या नव्हेत. पुरुषभर उंचीच्या, भरीव दिसणाऱ्या, मातकट रंगाच्या.

माझी धाकटी बहीण गेली बारा वर्षे अशाच एका चौकटीत राहते. उन्हाळ्याच्या सुटीत मी तिच्याकडे जायचे ठरवले तेव्हा घरच्यांनी मला वेड्यातच काढले. मे महिन्यात नागपूर सोडून फिनिक्सला जायचे म्हणजे हवापालटासाठी चंद्रपूर गाठण्यासारखेच! तरी गेले. सहा आठवडे राहिले, आणि रोज पहाटे ऊन चढायच्या आत या भिंतींच्या कडेकडेने फिरले. या लेखातला विचार त्या फिरण्यातला आहे.

या भिंतींविषयी बाहेरून येणारी माणसे दोनच गोष्टी बोलतात. पावसाळी प्रांतातून तिथे राहायला आलेला अमेरिकन म्हणतो, इथले लोक माणूसघाणे आहेत. आपल्याकडून गेलेला पाहुणा म्हणतो, यांना चोरांची भीती फार दिसते. मला ही दोन्ही निदाने आळशी वाटतात. कादंबरीत काय घडले याचा सगळा भार पात्राच्या स्वभावावर टाकून मोकळा होणारा टीकाकार जसा आळशी, तसाच भिंत पाहून घरमालकाच्या मनाची नाडी परीक्षा करणारा प्रवासी. आधी ती भिंत कशाची आहे, कुणी बांधली आणि तिच्या जागी दुसरे काय उभे राहू शकले असते, हे तर पाहू या.

दुसरे म्हणजे लाकडी फळ्यांचे कुंपण. उरलेल्या अमेरिकेत तेच सर्रास आढळते. फिनिक्सच्या उन्हात लाकूड वाळते, चिरते, पीळ धरते. खिळे सैल होतात, रंग पापुद्र्यांनी गळतो. उरलेसुरले वाळवी खाते. वाळवंटात वाळवी नसेल अशी माझी समजूत होती, पण तिथली वाळवी जमिनीखालून येते आणि मोठी उद्योगी आहे. दुसरा पर्याय झाडांच्या कुंपणाचा. जुन्या वस्त्यांत तो अजून दिसतो, आणि गंमत म्हणजे ते झाड आपल्या चांगल्या ओळखीचे आहे: कण्हेर. देवळाच्या आवारातली, देवाला वाहिली जाणारी आणि गाय तोंड लावत नाही ती कण्हेर. तिथे ती दहा-दहा फूट वाढते आणि बारा महिने हिरवी राहते. पण कितीही काटक झाली तरी तिला जगायला पाणी लागतेच. नागपूरला वर्षाकाठी चाळीस इंचांहून अधिक पाऊस पडतो. फिनिक्सला सात इंच आणि लास व्हेगासला चार. तिथे हिरवे कुंपण ही चैन आहे आणि तिचे बिल दरमहा येते.

मग उरले सिमेंटचे पोकळ ठोकळे. सोळा इंच लांब, आठ इंच उंच. त्यांना लागणारी वाळू आणि खडी गावातच आहे. सॉल्ट नदीवर वर धरणे झाल्यामुळे तिचे शहरातले पात्र बहुतेक काळ कोरडे असते, आणि त्या पात्रातून हा माल निघतो. सिमेंटसाठीही फार लांब जावे लागत नाही. ग्लेन कॅन्यन धरणाला पुरवठा करण्यासाठी १९५९ साली ॲरिझोनातच क्लार्कडेल येथे कारखाना उभा राहिला. कुजत नाही, वाळवी लागत नाही, पाणी मागत नाही. शिवाय तिथे जमीन गोठत नसल्यामुळे पायाही खोल घ्यावा लागत नाही. मी एका नव्या वस्तीत गवंड्यांना काम करताना पाहिले. एक दोरी ताणून ते एकाच दमात पंधरा-वीस घरांची मागची भिंत रचत होते, आणि घरांचे मालक अजून ठरायचे होते! म्हणजे ज्याच्या माणूसघाणेपणाची आपण चर्चा करतो, तो माणूस जागेवर येण्याआधीच त्याची भिंत बांधून झालेली असते. बांधकाम करणारा ती विक्रीच्या मालाबरोबर देतो, जशी आपल्याकडे फ्लॅटबरोबर खिडक्यांची जाळी येते.

आणखी एक कारण आहे आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. त्या गावात मागच्या अंगणात पोहण्याचा हौद असणे ही श्रीमंतीची खूण नाही. साध्या नोकरदारांच्या घरीही तो असतो. अशा हौदांत लहान मुले बुडतात. म्हणून ॲरिझोनाचा कायदा सांगतो की ज्या घरात सहा वर्षांखालील मूल राहते, तिथल्या हौदाभोवती निदान पाच फूट उंचीचा, चढायला आधार मिळणार नाही असा अडसर हवा. भरीव भिंतीला पाय ठेवायला खाच नसते. माझ्या बहिणीकडे हौद नाही, पण शेजारी दोन्हीकडे आहेत, आणि तिची मुले लहान असताना त्या भिंतींना तिने किती दुवा दिला असेल ते तीच जाणे.

धूळ आहे, साप आहेत, कुत्र्यामांजरांवर टपलेले कोयोटे आहेत. कोयोटा सहा फुटांची भिंत चढून जातो म्हणतात. पण रानडुकरासारखे दिसणारे हाव्हलिना चढत नाहीत आणि फुलझाडे वाचतात. शिवाय भूखंड लहान झाले आहेत. खिडकीसमोर खिडकी येते, आणि मधली भिंत नसेल तर शेजारच्या घरातला चहाचा कप दिसेल. ही सगळी कारणे खरी आहेत आणि पुरेशीही. भीतीचा मुद्दा मी अगदीच नाकारत नाही, परंतु भीती तर शिकागोतही आहे आणि तिथे फळ्यांवर भागते.

मग भिंत पाहून अमेरिकन माणसाच्या मनाला टोचते काय? टोचणारा विचार जुना आहे आणि त्याचा जन्म पावसाच्या प्रदेशातला आहे. १८७० साली फ्रँक स्कॉट नावाच्या गृहस्थाने उपनगरातल्या घरांचे आवार कसे सजवावे यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. आपल्या बागेची शोभा कुंपणाआड लपवणे हे शेजारधर्मालाच नव्हे तर ख्रिस्ती धर्मालाही सोडून आहे, असे त्याचे म्हणणे होते. पुढे १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन ही हजारो घरांची वसाहत उभी राहिली, तेव्हा घराच्या करारातच कुंपणाला मनाई होती. मोकळी हिरवळ म्हणजे लोकशाही, असा तो एक भाबडा पण आकर्षक सिद्धांत आहे. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे गवत आपोआप उगवते.

आणि मग ती कविता. रॉबर्ट फ्रॉस्टची ‘मेंडिंग वॉल’, १९१४ च्या ‘नॉर्थ ऑफ बॉस्टन’ या संग्रहातली. अमेरिकन शाळांत ती हटकून शिकवली जाते. माझ्या भाचीनेही शिकली. भिंतींच्या बाजूने बोलणारी माणसे या कवितेतले एक वाक्य हमखास तोंडावर फेकतात. ते वाक्य कवितेतल्या शेजाऱ्याचे आहे, त्याने आपल्या बापाकडून घेतलेले आहे आणि कवितेतला बोलणारा माणूस त्याच वाक्यावर शंका घेतो आहे. नाटकातल्या खलनायकाचे भाषण नाटककाराचा उपदेश म्हणून सुभाषितसंग्रहात घालावे तसा हा प्रकार. वर्गात मी हे विद्यार्थ्यांना मराठी कवितांच्या बाबतीत वर्षानुवर्षे सांगत आले आहे; तिकडेही शिक्षकांची तीच डोकेदुखी दिसते.

पण मला त्या कवितेत वेगळीच गोष्ट दिसली. तिच्यातली भिंत सुट्या दगडांची आहे. न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांनी शेतातले दगड वेचून बांधाला रचले, त्यातून ती झाली. हिवाळ्यात तिच्याखालची ओली जमीन गोठते, फुगते आणि वरचे दगड ढासळतात. म्हणून दर वसंतात दोघे शेजारी भिंतीच्या दोन बाजूंनी एकाच वेळी चालत जातात आणि आपापल्या बाजूला पडलेले दगड पुन्हा वर चढवतात. भिंत हवी की नको यावर त्यांचा वाद आहे खरा. पण वर्षातून एक दिवस तीच भिंत त्यांना एकत्र आणते. फिनिक्सला जमीन गोठत नाही. तिथली भिंत ढासळत नाही, तिला डागडुजी लागत नाही आणि तिच्या निमित्ताने शेजाऱ्याला हाक मारण्याची वेळ कुणावर येत नाही. बहीण मला म्हणाली, “ताई, इथे शेजार भिंतीवरून नसतो, गॅरेजमधून असतो. दार वर जाताना हात हलवायचा, खाली येताना हलवायचा.” दिवाळीत मात्र ती याच भिंतीच्या सपाट माथ्यावर पणत्यांची रांग लावते. चार इंच उजेड पलीकडे जातो; पलीकडच्या आजीबाईंनी पहिल्या वर्षी घाबरून, काही पेटले का म्हणून विचारले होते. आता त्याच आठवण करून देतात.

इतके सगळे ऐकून वाचकांना वाटेल, मी या भिंतीची वकिली करते आहे. वाळवंटात भिंत हवी, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. जगातली जुनी वाळवंटी गावे भिंतींचीच आहेत. इंग्रजीत नंदनवनाला जो शब्द आहे, ‘पॅराडाइज’, तो प्राचीन इराणी ‘पइरिदएझ’ या शब्दापासून ग्रीकमार्गे आला. त्याचा मूळ अर्थ भोवताली भिंत घातलेली जागा एवढाच. त्यातला पहिला भाग म्हणजे आपला ‘परि’. दुसरा भाग ज्या धातूपासून झाला, त्याचे संस्कृत भावंड म्हणजे ‘दिह्’, लिंपणे. त्यातूनच आपला ‘देह’ शब्द निघाला. मातीने लिंपून भोवती काठ घातला की आत बाग झाली! कोरड्या मुलखातल्या माणसाला स्वर्ग सुचला तोही भिंतीच्या आतच. आपली मुले दिवाळीत मातीचा किल्ला करतात तेव्हा आधी तट घालतात, मग आत अळीव पेरतात. क्रम तोच.

माझी तक्रार वेगळी आहे. फिनिक्सने वाळवंटाकडून भिंत घेतली आणि तिच्यासोबत येणारे घर मात्र घेतले नाही.

इराणातले यज्द पाहा, मोरोक्कोतले फेज पाहा, आपले जैसलमेर पाहा. तिथे घरच भिंत असते. खोल्या भूखंडाच्या काठाला लागून, आणि मोकळी जागा मध्यभागी, चौकात. आपल्या वाड्याचा सांगाडा हाच. बाहेरून पाहिले तर एक मोठे दार आणि सपाट भिंत, आणि आत गेल्यावर तुळस, पाण्याचा रांजण, पापड वाळत घातलेले. चौक चारही बाजूंच्या सावलीत असतो. रात्रीची गार हवा त्यात साठते. फिनिक्सच्या उपनगरातले घर मात्र मूळचे पावसाळी प्रदेशातले, हिरवळीच्या मधोमध बसायला शिकलेले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते गाव विलक्षण वेगाने वाढले. १९५० साली त्याची वस्ती १ लाख ७ हजार होती; १९६० साली, आसपासच्या वस्त्या पोटात घेऊन, ती ४ लाख ३९ हजार झाली. इतक्या घाईत घराचा विचार कोण करणार? नियमही तयार होते. पुढे इतकी जागा सोडा, बाजूला पाच फूट सोडा, मागे इतकी सोडा. घर मध्यात राहिले आणि भोवती भिंत आली. बाजूला उरले ते पाच फुटांचे बोळ. तिथे कचऱ्याचे डबे राहतात आणि वातानुकूलन यंत्राचा धूड घुमत असतो. चौकाची जागा सगळी आहे, पण ती घराला बाहेरून गुंडाळलेली आहे. कुडता उलटा घालावा तसे हे झाले. कापड तेच, माप तेच. शिवण मात्र बाहेर.

आणि पुढचे अंगण? तिथे पुरुषभर भिंत बांधायला बहुतेक गावांचे नियम परवानगी देत नाहीत. फिनिक्समध्ये जेमतेम सव्वातीन फुटांपर्यंत चालते. म्हणजे दर्शनी भागी स्कॉटसाहेबांचा मोकळेपणा आणि पाठीमागे इराणी बाग. मुखवटा एका मुलखाचा, पाठ दुसऱ्याची. बहीण दारात रांगोळी काढते आणि आकाशकंदील टांगते तो या मोकळ्या बाजूला. पण तिथून कुणी पायी जातच नाही. गाडीतून जाणाऱ्याला रांगोळी दिसत नाही.

हे सारे घरातल्या माणसाला जाणवत नाही याचे श्रेय यंत्राला. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडून पंखा लावण्याचे जे यंत्र विदर्भात घरोघर खडखडते, त्या कूलरचे तिकडचे भावंड १९३० च्या दशकात ॲरिझोनातच नावारूपाला आले. पुढे वातानुकूलन आले. घराने हवेशी भांडण यंत्रावर सोपवले, आणि मग चौक असला काय, नसला काय! दिवसभर तापलेली सिमेंटची भिंत रात्री उष्णता ओकत राहते, ते ऐकायला खिडकीच उघडी नसते. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या ४३ अंशांच्या खाली राहिला नाही. रात्रीही सोळा दिवस तो ९० च्या खाली उतरला नाही. घरातले लोक आत होते, बहुतेकांचे निभावले.

बाहेर कोण होते, हा प्रश्न मला सहा आठवडे छळत राहिला. कारण भिंतीला दोन बाजू असतात आणि आतापर्यंत मी सांगितले ते सगळे एका बाजूचे.

बाहेरच्या बाजूचे वर्णन थोडक्यात करता येईल, कारण तिथे काहीच नाही. या प्रदेशाची मोजणी सरकारने पूर्वी मैलाच्या चौकटींत केली, आणि मोठे रस्ते त्या मैलामैलाच्या रेषांवर आले. रेषेच्या आत एकेक वसाहत. वसाहतीतली घरे हमरस्त्याकडे पाठ करून बसतात. त्या सगळ्या पाठींची मिळून एक सलग भिंत होते, आणि हमरस्त्याने जाणाऱ्याच्या एका हाताला ती अर्धा-अर्धा मैल चालते. दार नाही, खिडकी नाही, ओटा नाही. टपरी तर नाहीच. पहाटे फिरताना मला एखादे मोठे पुस्तक पाठीमागून वाचत असल्यासारखे वाटे. कोरी पाठ, कोरी पाठ, आणि मधून मधून वसाहतीच्या फाटकाचे नाव. बहिणीच्या अंगणातून बसचा थांबा ऐकू येतो. बस थांबल्याचा फुसकारा इतका जवळून येतो की मूल जागे व्हावे. पण घरातून निघून त्या थांब्यावर जायचे तर फाटकापर्यंतचा वळसा घालून पाऊण मैल चालावे लागते. मध्ये भिंत आहे, आणि त्या भिंतीत एक साधे दार ठेवावे असे तिच्या कर्त्याला वाटले नाही.

मी शाळेत भूमितीही शिकवते, म्हणून एक हिशेब करून पाहिला. जूनच्या अखेरीस मध्यान्ही फिनिक्सचा सूर्य जवळजवळ माथ्यावर, क्षितिजापासून ऐंशी अंशांवर असतो. सहा फूट भिंतीची सावली त्या वेळी किती पडेल? एक फूट. एका माणसाचे खांदेसुद्धा त्यात मावत नाहीत. यज्दच्या गल्लीतही सूर्य काही कमी तापट नाही. पण तिथल्या भिंती उंच आहेत, गल्ली जेमतेम दोन माणसे शेजारून जातील एवढी आहे, आणि मधून मधून तिच्यावर कमानींचे छप्पर घातलेले आहे. तिथली भिंत आतल्याला चौक देते आणि बाहेरच्याला सावली. फिनिक्सची भिंत शंभर फूट रुंद रस्त्याच्या कडेला उभी राहते, आणि बाहेरच्याला देते ते फक्त परावर्तित ऊन. माणसे बसची वाट पाहत विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक रांग करून उभी राहतात. खांबाची सावली जशी सरकते तशी रांग सरकते.

त्या रांगेत कोण असते, हे सांगायला फार निरीक्षण लागत नाही. वसाहतीतल्या घरांची सफाई करणाऱ्या बायका, बाग छाटणारे मजूर, दुकानात उभे राहणारी पोरे, आणि ज्यांचे डोळे गाडी चालवण्याच्या पलीकडे गेले आहेत असे म्हातारे. मॅरिकोपा जिल्ह्यात, ज्यात फिनिक्स येते, २०२३ साली उष्णतेने किंवा उष्णतेच्या निमित्ताने ६४५ माणसे गेली. त्यांतली सगळी रस्त्यावर गेली नाहीत, आणि त्यांचे मरण भिंतीच्या माथी मारावे इतकी मी भाबडी नाही. बेघरपण आहे, बंद पडलेली यंत्रे आहेत, व्यसने आहेत. तरीही जे गाव आपल्या भिंतींची बाहेरची बाजू कुणाचीच नाही असे मानते, त्या गावात बाहेर असणे हाच एक धोका होऊन बसतो.

आपल्या वाड्याच्या दर्शनी भिंतीला ओटा असे. तो वाड्याच्या मालकीचा आणि वाटसरूच्या उपयोगाचा. त्यावर बसायला कुणाची परवानगी लागत नसे. सगळ्यांनाच सगळ्या ओट्यांवर बसता येत होते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. जात आडवी येई आणि ती भिंतीपेक्षा उंच होती. पण रचना म्हणून पाहिले तर ओटा ही भिंतीने बाहेरच्यांना दिलेली जागा आहे. आपल्याकडच्या नव्या वसाहतींनीही तो गमावला आहे. तेव्हा फिनिक्सकडे बोट दाखवताना आवाज फार चढवू नये.

दुःख याचे वाटते की ॲरिझोनाला हे शिकायला यज्दला किंवा वाड्याला जाण्याची गरज नव्हती. शंभर मैलांवर टूसॉन आहे. १७७५ साली स्पॅनिश लोकांनी तिथे लष्करी ठाणे बसवले, ते मातीच्या कच्च्या विटांच्या तटात वाढले. १८५४ च्या करारानंतर ते अमेरिकेत आले, तरी पुढची पंचवीस वर्षे गावाचा तोंडवळा सोनोरी मेक्सिकनच राहिला. दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, रस्त्याच्या अगदी काठावर, घराला घर लागून. दारातून आत जाणारी एक आडवी खोली, तिला ते ‘सागुआन’ म्हणतात. आपली देवडीच म्हणा ना. आणि पलीकडे अंगण. १८८० साली आगगाडी आली, तिच्यातून विटा, फळ्या, उतरती छपरे आणि हिरवळीची हौस उतरली, आणि मातीची घरे गरिबांची ठरली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नगरसुधारणेच्या नावाखाली त्या जुन्या वस्तीचा मोठा भाग पाडून टाकला. तिथे सभागृहांचे संकुल झाले. १९७१ साली ते उघडले. उरलेली चार गल्ल्यांची वस्ती आता मोठ्या किमतीला जाते आणि पर्यटक तिच्या निळ्या-पिवळ्या भिंतींपुढे उभे राहून फोटो काढून घेतात. माझ्या बहिणीने मलाही तिथे उभे केले. दुपारचे चार वाजले होते. त्या अरुंद गल्लीत पूर्वेच्या बाजूला ऊन होते आणि पश्चिमेच्या बाजूला भिंतीलगत सावली, आणि त्या सावलीतून एक बाई पिशवी घेऊन अगदी सावकाश चालत गेली. फिनिक्सच्या हमरस्त्यावर इतक्या सावकाश चालणारे कुणी मी पाहिले नव्हते.

त्याच टूसॉनमध्ये आता एक लहानसा उद्योग चालू आहे. रस्त्याच्या कडेच्या काँक्रीटच्या काठाला जागोजाग खाच पाडतात. श्रावणासारखी जी चार-सहा पावसाची दमदार सरी तिथे जुलै-ऑगस्टमध्ये येते, तिचे रस्त्यावरून वाहून जाणारे पाणी त्या खाचेतून वळून पदपथालगतच्या आळ्यात उतरते. आळ्यात मेस्कीट लावतात. मेस्कीट म्हणजे आपल्याकडे माजलेल्या वेड्या बाभळीची सख्खी चुलतबहीण. पण तिथे ती घरची आहे, शहाण्यासारखी वागते. नळाचे पाणी तिला सुरुवातीपुरतेच. काही वर्षांत ती भिंतीच्या वर जाते आणि पदपथावर पसरते. भिंत आहे तिथेच, आतला हौद, आतले लिंबाचे झाड, आतली गुपिते सगळी शाबूत. एका ठिकाणी घरमालकाने त्या झाडाखाली, आपल्या भिंतीला टेकून, उरलेल्या ठोकळ्यांची एक बैठक रचून ठेवली होती. दोन ठोकळे उभे, वर एक फळी. फळीला वाळवी लागली होती. मी बसून पाहिली, चांगली होती.